पाठातील आव्हाने, गावातील पाणी

दहावीच्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ या 2018 साली आलेल्या पाठ्यपुस्तकात राज्यशास्त्राची प्रकरणे अवघी पाच. मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले, माहितीचा अधिकार मिळाला, हे सारे त्यांत नेटकेपणाने सांगितले आहे. पण भ्रष्टाचार येथे लोकशाहीसमोरील एक ‘आव्हान’ म्हणून येतो. लाच देणारा बाप व ते पाहणारे मूल त्यात दिसत नाहीत. अकोट तालुक्याचा पूर्णाकाठ खारपाणपट्ट्यात मोडतो. गोडे पाणी आधी कोणाला द्यावे आणि ते ठरविणाऱ्याला जाब कोणी विचारावा, असा प्रश्न तेथील वर्गात एखाद्या मुलीने काढला, तर शिक्षकाला पुस्तक मिटूनच बोलावे लागेल. परीक्षा तोंडावर असताना किती जण मिटतील, याची मला शंका आहे. ही मुले दोन-तीन वर्षांत मतदार होतात.