चार पाण्यांची पेटी

बेडूक आणि मासे एकत्र ठेवण्याच्या बहुतेक काचपेट्या एका वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत तशा असतात. भिंत सामाईक, पण येणेजाणे नाही. खाली पाणी आणि मासे, वर माती, झाडे आणि बेडूक. मधे एखादा धबधबा असतो, तोही पंपाने चढवलेला. डोळ्यांना ते बरे दिसते, पण वरच्यांचे खालच्यांवाचून काही अडत नाही. मी ज्या पेटीविषयी लिहितो आहे ती नेदरलँड्समधल्या एका छंदिष्टाच्या घरात आहे. रुंदी ९० सेंटिमीटर, खोली ६०, उंची पुन्हा ९०. तिच्यात धबधबा नाही. तिच्यात पाणी मात्र चार ठिकाणी, चार रूपांत आहे, आणि आतला प्रत्येक जीव जगण्यासाठी एका रूपातून दुसऱ्याकडे जातो. पेटी बांधणाऱ्याने झाडे आणि प्राणी निवडण्याआधी हा प्रवास निवडला असावा. तिचा सगळा रस त्या प्रवासात आहे.

खालचे पाणी आधी पाहू, कारण नजर आधी तिथेच जाते. वीतभर खोल, चहासारख्या फिकट तपकिरी रंगाचे. हा रंग देशी बदामाच्या सुकलेल्या पानांचा. कोकणातल्या अंगणांत आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाल होऊन गळणारी हीच पाने जगभरचे मत्स्यपालक विकत घेतात. त्यांतले टॅनिन पाण्यात उतरते, पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि प्रकाशाचा तीव्रपणा मोडतो. या पाण्यात मासे एकाच जातीचे, कोपेला अर्नोल्डी. बोटभर लांबीचे, सडपातळ, पाठीच्या परावर पांढरा ठिपका. रंगांनी डोळे दिपवणारे असंख्य मासे बाजारात मिळत असताना हा साधा मासा का घेतला, हे पाण्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी नजर काठावरच्या पीस लिलीच्या पानाकडे न्यावी लागते. पान पाण्यावर झुकले आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला, पाण्यापासून चार बोटे वर, पारदर्शक दाण्यांचा एक पुंजका चिकटलेला आहे.

ती या माशाची अंडी. कोपेलाचे नर आणि मादी पानाखाली येतात, अंगाला अंग लावतात आणि दोघे एकदम पाण्याबाहेर झेपावतात. पानाच्या खालच्या बाजूला काही सेकंद चिकटून राहतात, तेवढ्यात मादी काही अंडी घालते, नर ती फलित करतो आणि दोघे खाली पडतात. मग पुन्हा झेप. अशा कितीतरी झेपांनंतर पानावर शंभराहून अधिक अंडी जमू शकतात. मादीचे काम तिथे संपते. नर मात्र अंडी फुटेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, पानाच्या आसपास थांबतो. अगदी खाली नव्हे, जरा लांब, आडोशाला. दर थोड्या वेळाने तो पानाखाली येतो, शेपटीच्या फटक्याने अंड्यांवर पाणी उडवतो आणि पुन्हा लांब जातो. पाण्यातल्या भक्षकांच्या तोंडी अंडी जाऊ नयेत म्हणून ती हवेत ठेवायची आणि हवेत ती सुकू नयेत म्हणून पाणी वर न्यायचे, हे त्याच्या पितृत्वाचे गणित आहे. पिल्ले फुटली की खाली पाण्यात पडतात.

बांधणाऱ्याची कारागिरी त्या एका पानात दिसते. पान रुंद हवे, खालून गुळगुळीत हवे, माशाच्या झेपेच्या टप्प्यात हवे आणि दोघांचे वजन आदळले तरी फार हलायला नको. पीस लिलीचे रोप उभे सरळ वाढते. इथे ते काठाच्या उतारावर तिरके लावून पाण्याकडे वाकवले आहे. पाहणाऱ्याला वाटते, झुकलेले पान देखणे दिसते म्हणून ठेवले असेल. देखणे ते आहेच, पण ते काढून टाकले तर पेटीतली एक गोष्टच नाहीशी होईल. अलंकार आणि आशय एकच असण्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

आता वरचे पाणी. मागच्या भिंतीवर कॉर्क ओकची साल जडवली आहे. तिच्या खाचांत ब्रोमेलियाडची रोपे, म्हणजे अननसाच्या कुळातली. जवळजवळ सगळे कुळ अमेरिका खंडांतले आहे. त्यांतल्या अनेक जाती झाडांच्या फांद्यांवर राहतात. मुळे मुख्यतः धरून ठेवण्यापुरती, पाणी आणि अन्न पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांतून घेतात. पानांचे बुंधे एकमेकांत इतके घट्ट बसलेले असतात की त्यांच्यात पाणी साठते. जंगलाच्या छतात असे लाखो पेले टांगलेले असतात. या पेटीत नेओरेजेलियाच्या लहान जाती लावल्या आहेत, आणि लहान जाती निवडण्यामागे सौंदर्यापलीकडचे कारण आहे. ते कारण दोन सेंटिमीटर लांबीचे आहे आणि सकाळी फवारा संपला की त्याची बारीक, थरथरती शीळ ऐकू येते.

रॅनिटोमेया इमिटेटर हा पेरूच्या पूर्व उतारावरचा विषारी बेडूक. त्याचे काही वाण पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, काही हिरव्या-निळ्या ठिपक्यांचे, कारण आपापल्या भागातल्या दुसऱ्या विषारी जातीसारखे दिसणे हा त्याचा स्वभाव. पेटीत जन्मलेला बेडूक मात्र विषारी नसतो. त्याचे विष रानात खाल्लेल्या मुंग्या आणि सूक्ष्म कोळ्यांकडून येते. इथे त्याला पंख नसलेल्या फळमाश्या मिळतात, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड लावून. या माश्यांतल्या काही रोज पाण्यात पडतात आणि कोपेला त्या टिपतात. वरच्याचे जेवण सांडले की खालच्याचे सुरू होते, इतके सरळ.

मादी दोन-तीन अंडी पानावर घालते, पाण्यात नाही. नर त्यांच्याकडे लक्ष ठेवतो. बेडूकमासे फुटले की तो एकेकाला पाठीवर घेऊन ब्रोमेलियाडच्या वेगवेगळ्या पेल्यांत नेऊन सोडतो. एका पेल्यात एकच, कारण दोन असले तर एकमेकांना खातात. पण एवढ्याशा पाण्यात खायला काय असणार? म्हणून नर अधूनमधून मादीला शीळ घालून त्या पेल्यापर्यंत घेऊन जातो, आणि ती तिथे एक न फलित झालेले अंडे घालते. ते बेडूकमाशाचे जेवण. आई आली की बेडूकमासा अंग थरथरवून तिच्याकडे मागतो. संशोधक जेसन ब्राउन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले की या जातीतली जोडी बहुधा एकमेकांशी एकनिष्ठ राहते, आणि त्याचे मूळ पेल्याच्या लहानपणात आहे. त्याच जंगलात राहणारा तिचा जवळचा नातलग, रॅनिटोमेया व्हेरियाबिलिस, मोठ्या पाण्यात पिल्ले सोडतो. तिथे खायला मिळते, त्यामुळे एकट्या बापाने भागते. लहान पाण्यात आईवाचून भागत नाही, आणि बापाला तिच्यासोबत राहावे लागते. एका जातीचा संसार ठरवणारी गोष्ट म्हणजे पानांच्या बुंध्यातले काही चमचे पाणी. बांधणाऱ्याने लहान नेओरेजेलिया निवडली तेव्हा त्याने हा संसार निवडला.

पुष्कळ बेडूकपालक अशा पेल्यांऐवजी फोटोच्या जुन्या फिल्म रोलच्या काळ्या डब्या काचेला तिरक्या चिकटवतात. बेडकाला त्या आवडतात, पिल्ले मोजायलाही सोयीचे. मला त्या दिसलेल्या आवडत नाहीत. या पेटीत दोन आहेत, पण सालीच्या मागे. सोय राहिली आणि दृश्यही बिघडले नाही.

दोन्ही प्राणी शेजारी ठेवून पाहिले की रचना उलगडते. मासा पाण्यातून वर येऊन पानावर अंडी घालतो. बेडूक पानावरची पिल्ले उचलून आणखी वरच्या पाण्यात नेतो. दोन्हीकडे वेळ बापाचा जातो. दोन्हीकडे कारण एकच असावे : मोठ्या पाण्यात भक्षक फार. हे बेडूकमासे खालच्या तळ्यात पडले तर कोपेला त्यांना सोडणार नाहीत. पण ते तिथे पडायला जातच नाहीत. एकाच काचेत शिकारी आणि शिकार निर्धास्त राहू शकतात, कारण त्यांची पाणी वेगळी आहेत. आंबोलीच्या पावसाळ्यात हिंडलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये. तिथला मलबारी उडता बेडूक डबक्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतो आणि बेडूकमासे त्यातून खाली पाण्यात पडतात. सह्याद्री आणि दक्षिण अमेरिकेचा एकमेकांशी संबंध नसूनही, पाण्यावरच्या पानाचा उपयोग दोन्हीकडे सापडला आहे.

एक आक्षेप मी लपवणार नाही. हा बेडूक पेरूचा, हा मासा गयाना आणि अ‍ॅमेझॉनच्या मुखाकडच्या प्रदेशाचा. निसर्गात यांची भेट होत नाही. भूगोलाशी प्रामाणिक पेटी करणारे पालक आहेत आणि त्यांचा मी आदर करतो. गयानाकडच्या रॅनिटोमेया अमेझोनिकाने ही चूक टळली असती. पण मग आईने भरवण्याचा तो विलक्षण प्रसंग या ताकदीने आला नसता. इथे बांधणाऱ्याने नकाशापेक्षा नाट्य निवडले, आणि माझ्या मते ते योग्य केले.

तिसरे पाणी दिसत नाही, जाणवते. पानांवरचा, सालीवरचा, शेवाळावरचा पातळ थर. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओटीपोटाची आणि मांड्यांची त्वचा ओल्या पानाला टेकवून शोषतो. पहाटे आणि संध्याकाळी नळ्यांमधून बारीक फवारा येतो, आरओचे पाणी वापरून, कारण साध्या नळाच्या पाण्याने क्षार साचून पाने आणि काच पांढरी पडते. पण सतत ओल म्हणजे कोंडलेली हवा नव्हे. पुढच्या दारांखाली जाळीची एक पट्टी आणि छतावर दुसरी. दिव्यांनी गरम झालेली हवा वर निघते, खालून नवी येते आणि काचेवरून सरकत तिच्यावरचे दव पुसत जाते. म्हणून ही पेटी स्वच्छ दिसते आणि म्हणूनच बेडकांची त्वचा निरोगी राहते. या थराचा धोकाही मोठा आहे. जगभर उभयचरांचा संहार करणाऱ्या कायट्रिड बुरशीचे वर्णन १९९९ साली झाले ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या निळ्या विषारी बेडकावरून. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. ज्या ओलीवर बेडूक जगतो तीच त्याच्यापर्यंत रोग आणते. त्यामुळे नवा बेडूक वेगळ्या डब्यात ठेवून तपासल्याशिवाय इथे आत येत नाही.

चौथे पाणी मातीत. तळाशी भाजलेल्या मातीचे हलके गोळे, त्यांवर जाळी, वर काथ्या, सालीचे तुकडे, कोळसा आणि शेवाळ यांचे मिश्रण, सर्वांत वर पालापाचोळा. जास्तीचे पाणी गोळ्यांत उतरते, माती कुजत नाही. पाल्यात स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे सहापायी जीव आणि आयसोपॉड नावाचे पांढरे कवचधारी किडे राहतात. ते बुरशी आणि विष्ठा संपवतात आणि बेडकाच्या पिल्लांचे पहिले अन्न होतात. बंद काचेत ओल स्वतःलाच फिरवत राहते हे १८२९ साली लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्डच्या लक्षात आले. पतंगाचा कोष ठेवलेल्या बरणीत नेचा उगवून टिकला होता. त्यावरून त्याने केलेल्या बंद काचपेट्यांतून पुढे सिंकोनाची रोपे निलगिरीवर आली. आजची प्रत्येक अशी पेटी त्या बरणीची वंशज आहे.

रचनेचे बोलायचे तर इथे ताकाशी आमानोची सावली आहे. १९५४ ते २०१५ हा त्याचा काळ; पाण्यातल्या बागेला त्याने निसर्गदृश्याची शिस्त दिली. त्याच्यापासून घेतलेली युक्ती म्हणजे पानांचा आकार. मागे वर चढताना पाने लहान होत जातात, त्यामुळे ६० सेंटिमीटरची खोली दुप्पट भासते. पाण्यात मनीप्लांटची मुळे सोडली आहेत. माशांच्या विष्ठेतून बनलेले नायट्रेट ती शोषतात आणि पिल्लांना लपायला जाळेही होतात. काठ सपाट नाही, मुळांवरून हळूहळू पाण्यात उतरतो, कारण हे बेडूक चांगले पोहत नाहीत आणि उभ्या काठाशी बुडू शकतात. एकच गोष्ट मला खटकते. मधोमध एक तांबडी नेओरेजेलिया आहे, ती फार लक्ष वेधते. तिच्या डाव्या बाजूला शेवाळाने मऊ झालेला सालीचा मोठा तुकडा मोकळा ठेवला आहे. नजरेला विश्रांती तिथेच मिळते, आणि त्या तांबड्या रंगाने ती थोडी लवकर मोडते.

पेटी आता तिसऱ्या वर्षात आहे. ब्रोमेलियाड एकदाच फुलतो, मग हळूहळू मरतो आणि बुंध्याशी नवी पिले येतात. तांबडी नेओरेजेलिया मागल्या पावसाळ्यात फुलून गेली. तिची दोन पिले कापून डाव्या-उजव्या बाजूंना लावली आहेत. आई-रोपाची पाने टोकांना वाळली आहेत, तरी तिला काढलेले नाही. तिच्या पेल्यात एक बेडूकमासा आहे आणि त्याला मागचे पाय फुटू लागले आहेत. तो पाण्याबाहेर येईपर्यंत ती जागा हलवायची नाही, असे ठरले आहे.