सत्तर मिनिटांत न मावणारी बिंदिया नाईक

मुळशीजवळच्या एका रिसॉर्टचा हॉल. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पोटात पोहे आणि पडद्यावर शाहरुख खान. ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ या नावाखाली कंपनीने आम्हा चाळीसेक जणांना शनिवारी सकाळी सात वाजता बसमध्ये घातलं होतं. ट्रेनरने आधी दोघादोघांचे पाय बांधून पळायला लावलं, मग लाइट घालवून ‘चक दे! इंडिया’चे दोन तुकडे दाखवले. पहिल्यात, आपल्या राज्याचं नाव सांगणाऱ्या मुलींना कबीर खान रांगेबाहेर काढतो. दुसरा अर्थातच फायनलच्या आधीचं सत्तर मिनिटांचं भाषण. लाइट लागले तेव्हा दोघातिघांचे डोळे ओले होते. माझेही. खोटं कशाला बोलू, त्या भाषणाला मी दर वेळी फसतो.

पण घरी येऊन त्या रात्री मी अख्खा सिनेमा पुन्हा पाहिला, आणि जाणवलं की ट्रेनरने दाखवलेले तुकडे सिनेमातलेच असले तरी तो सिनेमा काही आम्हाला दाखवलेला नव्हता.

२००७ चा हा सिनेमा. जयदीप साहनीचं लेखन, शिमित अमीनचं दिग्दर्शन. कोचचं कडक बोलणं ऐकून मुली एक होतात, अशी आपली आठवण असते. प्रत्यक्षात त्या बोलण्याने, त्या शिस्तीने त्या वैतागतात. इतक्या की कोचला काढा म्हणून कागदावर सह्या करतात. कबीर राजीनामा देतो आणि जाता जाता सगळ्यांना बर्गर खायला नेतो. तिथे काही पोरं ईशान्येकडच्या मुलींची छेड काढतात, पंजाबची बलबीर उठते आणि बघता बघता अख्खं रेस्टॉरंट उलटंपालटं होतं. टीम बनते ती इथे. आणि कोच काय करतो? बसून राहतो. एक जण मागून वार करायला येतो तेवढ्यापुरता उठतो, बाकी वेळ खुर्चीत. सगळ्या सिनेमातली ही माझी सगळ्यात आवडती जागा. मुलींमध्ये जे जुळतं ते भाषणाने जुळत नाही. तुझ्यावर कोणी हात टाकला तर मी उठेन, हे एकमेकींना कळल्यामुळे जुळतं.

हा तुकडा ट्रेनिंगमध्ये का दाखवत नसतील? मारामारी आहे म्हणून, हे एक. पण त्याच्या आधीचा तो सह्यांचा कागद आहे ना, तोच जास्त अडचणीचा असावा. बॉसविरुद्ध सह्या करणारी टीम कुठल्या एचआरला पडद्यावर हवी असेल?

सह्यांचा तो कागद जिच्यामुळे निघतो, ती बिंदिया नाईक. महाराष्ट्राची. शिल्पा शुक्लाने ती अशी केलीय की ती फ्रेमच्या कडेला उभी असली तरी नजर तिच्याकडे जाते. टीममधली सगळ्यात अनुभवी खेळाडूंपैकी एक, कॅप्टनपद आपलंच असं धरून चाललेली. कबीर ते विद्या शर्माला देतो. त्यानंतर बिंदिया टोमणे मारते, इतरांना फितवते, हातचं राखून खेळते. आजच्या ऑफिसच्या भाषेत ‘डिसएंगेज्ड’. जरा कमी सभ्य भाषेत ‘टॉक्सिक’.

आणि तरीही कोरियाच्या मॅचमध्ये काय होतं आठवा. कोरियाच्या मुली एकेकीला चिकटून मार्किंग करतात, आपल्या तरुण पोरींना श्वास घेता येत नाही. तेव्हा कबीरला जावं लागतं ते बाहेर बसवलेल्या बिंदियाकडे. हे कोडं सोडवायला लागणारा अनुभव दुसऱ्या कोणाकडे नाही. ती उतरते आणि मार्किंग फोडते. दोघांपैकी कोणीही माफी मागत नाही, मिठ्या मारत नाही. तुझी गरज आहे, एवढंच तो कबूल करतो, आणि तिला तेवढंच हवं होतं.

आमच्याकडेही एक बिंदिया होती. टेस्टिंगमध्ये बारा वर्षं. आम्ही तिला ताई म्हणायचो. तिच्यापेक्षा चार वर्षांनी ज्युनिअर असलेला मुलगा लीड झाला आणि ताई मीटिंगमध्ये बोलायला लागली. ही तारीख जमणार नाही, हे मॉड्यूल पुन्हा फुटणार आहे, मागच्या वेळीही मी सांगितलं होतं. बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं, आणि ते जास्तच खुपायचं. पीअर फीडबॅकच्या वेळी मॅनेजर चहाच्या टपरीवर मला सहज म्हणाला, “ती जरा निगेटिव्ह आहे, नाही का?” मी फॉर्ममध्ये लिहिलं: टीम प्लेअर नाही. चार शब्दही धड नाहीत. तीन महिन्यांनी तिने पेपर टाकले. मुळशीच्या बसमध्ये तिची सीट नव्हती.

‘एंगेजमेंट’ हा शब्द कामाच्या संदर्भात पहिल्यांदा नीट मांडला तो विल्यम कान या अभ्यासकाने, १९९० च्या एका निबंधात. त्यासाठी त्याने एका समर कॅम्पमधले कर्मचारी आणि एका आर्किटेक्चर फर्ममधले लोक जवळून पाहिले. माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी आखडून घेतो, हा त्याचा प्रश्न. त्याने तीन गोष्टी सांगितल्या: कामाला अर्थ वाटणं, अंगात तेवढी ताकद शिल्लक असणं आणि सुरक्षितता, म्हणजे मी जशी आहे तशी बोलले तर माझ्या नोकरीला, माझ्या पतीला धक्का लागणार नाही हा भरवसा. यातली पहिली दोन पोस्टरवर छान दिसतात. तिसरीची जबाबदारी मात्र कर्मचाऱ्यावर टाकता येत नाही, ती वरच्यांना घ्यावी लागते. पाय बांधून पळण्याच्या शर्यतीत ती येत नाही. त्यातून बेल कर्व्ह असेल, म्हणजे शेजारी बसणाऱ्याचं रेटिंग वाढलं की आपलं घसरणार असेल, तर पाय कितीही घट्ट बांधा.

सिनेमाबद्दल मात्र एक तक्रार आहेच. बिंदियाला सिनेमाही न्याय देत नाही. ऑस्ट्रेलियात ती कॅप्टनपदासाठी कबीरला स्वतःच देऊ करते, तो प्रसंग मला आजही खटकतो. एका अनुभवी खेळाडूचा रास्त प्रश्न होता: मी का नाही? त्याचं उत्तर देण्याऐवजी लेखकाने तिलाच स्वस्त करून टाकलं. एकदा बाई ‘तसली’ ठरली की तिला उत्तर द्यावं लागत नाही. म्हणजे ‘निगेटिव्ह’ हा शिक्का जे करतो तेच, फक्त जास्त क्रूरपणे. प्रीती आणि कोमलच्या भांडणाला लेखकाने किती मायेने वळण दिलंय बघा. फायनलमध्ये कोमल पास देते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. त्यांची स्पर्धा समजून घ्यायची आणि बिंदियाची महत्त्वाकांक्षा मात्र संशयाने बघायची? ती बहुधा वयाने मोठी आहे म्हणून, आणि रडत नाही म्हणून. कोरियाच्या मॅचने ही चूक थोडी भरून निघते. थोडीच.

हे सगळं त्या रात्री ताईला मेसेज करून सांगावं असं वाटलं. टाइप केलंही. मग ‘टीम प्लेअर नाही’ हे माझंच वाक्य आहे हे तिला माहीत असेल का, या विचाराने पुसून टाकलं.

परवा या वर्षीचा फीडबॅकचा फॉर्म आलाय. या वेळी मला जिच्याबद्दल लिहायचंय ती मुलगी नवीन आहे. रिलीज नेहमी शुक्रवारी रात्रीच का, असं तिने मागच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं होतं. मॅनेजर काल टपरीवर भेटला. दोन कटिंग सांगून म्हणाला, “हुशार आहे पोरगी, पण जरा...” आणि माझ्याकडे बघत थांबला.

फॉर्म अजून उघडाच आहे. शेवटची तारीख शुक्रवार.