कानाने वाचायची गाडी

चोपड्याला रेल्वे नाही. सुरत-भुसावळ लोहमार्ग तापीच्या पलीकडून, अमळनेर-धरणगावहून निघून जातो. इथून बाहेर पडायचं तर एसटी. आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याची एसटी स्थानकावरच्या उद्घोषणेपासून सुरू होते.

‘चोपड्याहून अमळनेरमार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे.’ या वाक्याची घडण फार सुंदर आहे. आधी निघायचं गाव, मग वाट, मग मुक्काम. अमळनेर ऐकलं की तापी ओलांडायची. यावल ऐकलं की सातपुडा डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे जायचं. ऐकणाऱ्याच्या मनात नकाशा तयार होतो. फलाट मात्र मुद्दाम शेवटी. शेवटचं ऐकलेलं कानात जास्त रेंगाळतं आणि पायांना तेवढंच लगेच हवं असतं. मग तेच वाक्य पुन्हा. पहिल्यांदा माणूस सावध होतो, दुसऱ्यांदा खात्री करून घेतो.

गाडीत चढल्यावर घंटेची दोरी बोलते. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दुसरा टोला आणि गाडीचा हिसका यांच्यामध्ये क्षणभर उसंत असते. तेवढ्यात दांडा धरता येतो.

ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. त्याची भिस्त काचेमागच्या पाटीवर. पाटी गावं चोख सांगते. पण ऐनवेळी फलाट बदलला की तो बदल फक्त भोंग्यातून कळतो. चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासी तर पहिल्या पायरीपाशीच अडतो. दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, ती मोलाची आहे, पण तिने पायरी खाली येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 41 वं कलम बसस्थानकं सुगम करायला सांगतं, आणि जुन्या वाहनांतही शक्य तिथे बदल करायला सांगतं. खेड्यात जाणाऱ्या गाडीची पायरी पाहिली की ते कलम अजून वाटेतच आहे असं दिसतं.

काही वाहक ‘अडावद, अडावद!’ असं थांब्याआधी मोठ्याने पुकारतात. ही मला सगळ्यांत आवडणारी उद्घोषणा. कोण कुठे उतरणार हे तिकीट देतानाच त्यांना कळलेलं असतं. तरी कुणी पुकारतं, कुणी नाही. थांब्याचं नाव पुकारणं वाहकाच्या मर्जीवर न सोडता त्याच्या कामातच लिहून यावं, अशी माझी मागणी आहे.