घरची बैठक, पण तालीम हवीच

आपल्या मंडळाची नाट्यसंगीत बैठक एका बेसमेंटमध्ये सतरंजी अंथरून सुरू झाली. तिच्यासाठी पेटी पुण्याहून आणली. ती पेटी आजही वाजते, याचे श्रेय बैठक सांभाळणाऱ्या काका-काकूंचे. हिवाळ्यात हीटिंगच्या कोरड्या हवेने तबल्याची पुडी ताणली जाते, सूर चढतो. म्हणून काका तासभर आधी येऊन तबला पेटीशी मिळवून ठेवतात. काकूंच्या वहीत प्रत्येक गायकाची पट्टी लिहिलेली असते.

अलीकडे मात्र त्या वहीची पाने रिकामी राहू लागली आहेत. ‘घरचाच तर कार्यक्रम’ म्हणत काहीजण आयत्या वेळी गाणे ठरवतात, मोबाइलवर शब्द शोधतात आणि पट्टी विचारली की पेटीवाल्याकडे बघत राहतात. मुलांनी यावे म्हणून कराओके ट्रॅकला परवानगी दिली, पण ट्रॅक गायकासाठी थांबत नाही, चुकलेली सम सावरून घेत नाही. बर्फातून गाडी चालवत येणारे श्रोते हौशी गाणे प्रेमाने ऐकतात. बिनतयारीचे गाणे त्यांनी का ऐकावे?

ज्यांची पदे आपण गातो, त्या बालगंधर्वांची मुलगी १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच वारली. तरीही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. रसिकांना ते मायबाप म्हणत, ते असे.

संक्रांतीच्या बैठकीत अकरावीतल्या एका मुलीने ‘स्वयंवर’मधले ‘नाथ हा माझा’ म्हटले. भास्करबुवा बखल्यांची चाल, यमन राग. भल्याभल्यांचा कस लावणारे पद. ही मुलगी इथेच जन्मलेली, शब्द रोमन लिपीत लिहून पाठ केलेले. पण आधी तिने रुक्मिणीचा प्रसंग दोन वाक्यांत सांगितला, डोळे मिटून षड्ज लावला आणि कागदाला हात न लावता गायली. उसन्या ताना मारल्या नाहीत. गळ्याला पेलतील तेवढ्याच हरकती घेतल्या आणि दर वेळी मुखडा नेमका समेवर आणला. तबल्यावरचे काका तिच्याकडे कौतुकाने बघत होते. मागच्या रांगेतल्या आजींनी ‘वाहवा’ म्हटले, तेव्हा तिने थांबून हात जोडले. तिच्या वयाची बाकीची मुले त्या वेळी वरच्या मजल्यावर होती, ही खंत उरतेच.

गुढीपाडव्याच्या बैठकीत गाणाऱ्यांनी पदाचे नाव आणि पट्टी आठवडाभर आधी काकूंना कळवावी, साथीदारांबरोबर एकदा तालीम करावी आणि येताना घरातल्या मुलांना सतरंजीवर शेजारी बसवावे.