स्तंभ गेला, खंजीर आला

आता महार रेजिमेंटचं चिन्ह बघा. एकमेकींवर आडव्या दोन विकर्स मशीनगन, मधे खंजीर. मशीनगनचं कळतं, १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. पण खंजिराच्या जागी आधी कोरेगावचा जयस्तंभ होता! स्वातंत्र्यानंतर तो गेला. १८१८ ची ती लढाई कंपनी सरकारची, पेशव्यांविरुद्धची. स्वतंत्र देशाच्या टोपीवर ती खुपणारच. तरी मला हा बदल पटत नाही. खंजीर काय, कुठल्याही पलटणीला चालला असता. स्तंभ इंग्रजांनी उभारला खरा, पण त्यावर महार शिपायांची नावं कोरलेली आहेत. पुढे त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, आणि १९४१ मध्ये बेळगावला रेजिमेंट उभी राहिली.