आयुष्मान भारत आणि डिजिटल आरोग्य : खर्च नेमका कोणाचा कमी झाला?

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने आरोग्यविम्यात कशाला पडावं? पडावं, कारण विमा ही मुळात ज्ञान आणि अज्ञान यांच्याबद्दलची गोष्ट आहे, आणि तो आमचा जुना प्रांत आहे. आज मला एका विधानाची तपासणी करायची आहे. ते आपण सगळीकडे ऐकतो : आरोग्यसेवा डिजिटल केली की व्यवहार पारदर्शक होतो, आणि पारदर्शक झाला की खर्च कमी होतो. यातल्या दोन्ही 'की' मला संशयास्पद वाटतात.

आधी थोडा इतिहास. 2008 साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. कुटुंबाला वर्षाला 30,000 रुपयांचं संरक्षण आणि हातात एक स्मार्टकार्ड. महाराष्ट्रात जुलै 2012मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तिलाच 2017 साली महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. 23 सप्टेंबर 2018 रोजी रांचीत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं उद्घाटन झालं, कुटुंबाला वर्षाला 5 लाख. सप्टेंबर 2021मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर गेलं आणि चौदा आकडी 'आभा' क्रमांक आला. ऑक्टोबर 2024पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, हे संरक्षण मिळालं. क्रम लक्षात घ्या. विम्याचं संरक्षण वाढत गेलं, त्याचबरोबर माणसाची नोंद जास्त बारीक होत गेली. आधी कार्ड, मग पोर्टल, मग क्रमांक.

आता दोन कागदपत्रं शेजारी ठेवून वाचू. एक, 2019चा राष्ट्रीय डिजिटल आरोग्य ब्लूप्रिंट. दुसरा, महालेखापालांचा, म्हणजे 'कॅग'चा, जन आरोग्य योजनेवरचा अहवाल. तो ऑगस्ट 2023मध्ये संसदेत मांडला गेला. पहिल्यात एक व्यक्ती, एक ओळख, तिची जन्मभराची नोंद, आणि प्रत्येक वेळी तिची संमती. वाचायला सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यात मात्र असं आढळतं, की जवळजवळ साडेसात लाख लाभार्थ्यांपुढे एकच मोबाइल नंबर लिहिलेला होता : दहा वेळा नऊ. शिवाय आधी मृत म्हणून नोंदलेल्या 3,446 रुग्णांच्या नावे 3,903 दाव्यांपोटी 6.97 कोटी रुपये दिले गेले.

वर्तमानपत्रांनी याला घोटाळा म्हटलं. सरकारने उत्तर दिलं, की पात्रता मोबाइल नंबरावर ठरतच नाही. आणि रुग्णालयाला भरती झाल्यानंतर तीन दिवसांपर्यंत पूर्वपरवानगी मागता येते, त्यामुळे मृत्यूनंतरच्या तारखा दिसू शकतात. हे उत्तर काही अंशी मला पटतं. पण मग अडचण अधिक खोल होते. नंबर लागतच नव्हता तर तो रकाना सक्तीने भरावा असं का वाटलं कोणाला? कारण फॉर्म रिकामा ठेवला तर पुढे सरकत नाही. काउंटरवरचा मुलगा नऊ दाबत गेला. यंत्राने माणसाबद्दल माहिती गोळा केली नाही. यंत्राचं समाधान कसं करायचं ते माणूस शिकला.

माझंच सांगतो. सत्तरीपुढचं कार्ड काढायला गेलो, तर अंगठा चार वेळा लागेना. आमच्या वयात ठसे झिजतात. शेवटी ओटीपी मागवला, तो गेला मुलीच्या फोनवर, कारण माझ्या आधारला तिचाच नंबर जोडलेला. ती होती ऑफिसात. तिने मीटिंगमधून आकडे कळवले, मुलाने ते टाकले, एका चौकटीत खूण केली आणि संमती झाली. कोणाची? माझी म्हणावी तर मी ते वाक्य वाचलेलं नाही. संमती म्हणजे समजून दिलेला होकार, असं मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. (ती खूण बरोबर ठिकाणी केली का, हेही मला ठाऊक नाही.)

आता खर्चाकडे येऊ. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणारा हिस्सा 2013-14मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. हा आकडा सगळ्या भाषणांत येतो. मोठी गोष्ट आहेच. पण हिस्सा हा अपूर्णांक असतो. छेद वाढला तरी तो घटतो. 2021-22 हे करोनाचं साल, सरकारी खर्च फुगलेला. आणि जन आरोग्य योजना चालते ती मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर. साखर आणि बीपीची गोळी दर महिन्याला मेडिकलमधून घेणारी बाई या योजनेत कुठे आहे? ती 'भरती' होत नाही, म्हणून पोर्टलला दिसत नाही. तिला अर्धांगवायूचा झटका आला की दिसेल. मग तिच्यावर हजारो रुपये खर्च होतील, आणि तो खर्च योजनेचं यश म्हणून मोजला जाईल.

डिजिटल नजर दावा बघते, शरीर बघत नाही. याचं आपल्या घरचं उदाहरण आहे. 2012च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमध्ये विम्याच्या पैशासाठी बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकार उघड झाले. तिथे निदान दावा होता, म्हणून कधीतरी कोणाला आकडे खटकले. पुढे जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रियेला पूर्वपरवानगी लागू झाली. हा डिजिटल पद्धतीचा खरा फायदा आहे आणि तो मी मानतो. पण 2019मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा काय दिसलं? कितीतरी जणींनी मुकादमाकडून उचल घेऊन, कर्ज काढून, खाजगी दवाखान्यात पिशवी काढली होती. दावा नाही, कोड नाही, पॅकेज नाही. पोर्टलवर ती बाई निरोगी. त्या कर्जासाठी ती पुढच्या हंगामात कोयता घेऊन पुन्हा फडात.

आणखी एक बारीकशी गोष्ट. 2023पासून केंद्राने डिजिटल प्रोत्साहन योजना आणली : ठरावीक संख्येच्या वर प्रत्येक डिजिटल नोंदीमागे रुग्णालयाला 20 रुपये. मला यात वावगं वाटत नाही. पण संगणक आपोआप पैसे वाचवतो, तर तो वापरायला पैसे का द्यावे लागतात? कारण नोंद करणं हे काम आहे. नर्सचं, आरोग्यमित्राचं, डेटा ऑपरेटरचं. तो खर्च नाहीसा झाला नाही, दुसऱ्या टेबलावर गेला.

शेवटी ज्या अज्ञानाबद्दल सुरुवातीला बोललो तिथे येतो. विमा चालतो कारण आपल्यातल्या कोणाला कॅन्सर होणार हे कोणालाच माहीत नसतं. जॉन रॉल्सने 1971मध्ये न्यायाचा विचार करताना अज्ञानाचा पडदा कल्पिला. विम्यात तो पडदा कल्पित नाही, खरा असतो. म्हणून निरोगी माणूस आजाऱ्याचे पैसे भरतो आणि कुरकुरत नाही. केनेथ ॲरोने 1963च्या निबंधात वैद्यकीय बाजार इतर बाजारांपेक्षा वेगळा का, हे अनिश्चिततेवरूनच समजावलं. आता जन्मभराची नोंद एका क्रमांकाखाली आली की पडदा विरळ होतो. सरकारी योजनेत हप्ता सरकार भरतं, तिथे धोका कमी. पण याच जाळ्यात खाजगी विमा कंपन्याही आहेत. 'आधीपासूनचे आजार' या शब्दांवर त्या काय करतात हे तुमच्यापैकी ज्यांनी दावा भरलाय त्यांना सांगायला नको. 2024मध्ये प्राधिकरणाने अशा आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ 48 महिन्यांवरून जास्तीत जास्त 36 महिने केला. चांगलं झालं. मात्र आजार 'आधीपासूनचा' होता हे आजवर कंपनीला जुने कागद शोधून सिद्ध करावं लागे. उद्या ती फक्त संमती मागेल, आणि ऑफिसात असलेली मुलगी फोनवरून आकडे कळवेल.

वेळ संपत आली. कायद्याबद्दल, म्हणजे 2023च्या माहिती-संरक्षण कायद्याबद्दल, पुढच्या बुधवारी बोलू. प्रश्न असतील तर आता घ्या, माइक मागच्या रांगेत द्या.