बहुरूपी आणि पडदा : पु. ल. देशपांडे यांच्या विनोदाविषयी काही विचार

पु. ल. देशपांडे यांच्याविषयी लिहिताना आपल्या समीक्षेने एक सोयीस्कर वाटणी करून घेतली आहे. लेखक पु. ल. यांच्यावर प्रबंध लिहावयाचे आणि प्रयोगकर्त्या पु. लं.च्या आठवणी सांगावयाच्या, अशी ती वाटणी आहे. या वाटणीत त्यांच्या विनोदाचे मर्म निसटून जाते, असे मला वाटते. एका माणसाने रंगमंचावर उभे राहावे, केवळ बोलून दोन-अडीच तास सभागृह ताब्यात ठेवावे, आणि पुढे त्याच बोलण्याने पडद्यावरून घराघरांत शिरावे, ही घटना वाङ्मयाच्या बाहेरची मानता येत नाही. ती मराठी गद्याच्या एका जुन्या शक्तीची साक्ष आहे.

त्यांचे चरित्र वाचकांस परिचित आहे. येथे त्यातील एका विसंगतीपुरतेच पाहू. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्म. बालपण जोगेश्वरी आणि पार्ले येथे. आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे मराठीत टागोर आणणारे ‘ऋग्वेदी’. पुढे शिक्षकी पेशा, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयातील अध्यापन, चित्रपटसृष्टी (१९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि भूमिका हे सारे त्यांचेच), आणि त्यानंतर आकाशवाणी. आकाशवाणीत असतानाच ते बी. बी. सी.कडे दूरचित्रवाणीचे तंत्र शिकण्यास गेले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी भारतातील दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा या माध्यमाच्या मोजक्या जाणकारांत ते होते. पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत त्यांनीच घेतली. रंगमंचावरचे विनोदी कलावंत रंगमंच सोडून पडद्याकडे जातात, हा जगभरचा क्रम आहे. पु. ल. उलट दिशेने गेले. पडद्याची विद्या हाती असताना त्यांनी ती बाजूस ठेवली आणि १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ घेऊन ते एकटे प्रेक्षकांसमोर उभे राहिले.

ही निवड केवळ स्वभावाची होती असे मला वाटत नाही. ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ चे. त्यातील अण्णा पावशे, जनोबा रेगे, सोकाजी त्रिलोकेकर ही मंडळी कशी दिसतात, याचे वर्णन पुस्तकात बेताचेच आहे. ती कशी बोलतात, हे मात्र पानोपानी आहे. त्रिलोकेकरांची पाठारे प्रभू धाटणी, हट्टंगडींचे कानडी वळण, आचार्य बर्व्यांची सत्त्वशील शब्दावली यांवरच ही माणसे उभी आहेत. अशी माणसे दाखवावयाची झाल्यास नट किती लागतील? माझे उत्तर असे, की एकच लागेल. दुसरा नट आला की पहिल्याचा चेहरा ठरून जातो, आणि प्रेक्षकाने स्वतःच्या मनात बांधलेली चाळ तेवढ्याच अंशाने कोसळते. कीर्तनकाराला हे रहस्य शतकानुशतके ठाऊक आहे. आख्यानात तोच द्रौपदी होतो, तोच दुःशासन होतो, आणि कोणी त्यास वेष विचारीत नाही. पु. लं.नी परदेशी रंगभूमी पाहिली आणि तिचा अभ्यासही केला; पण त्यांच्या एकपात्री प्रयोगाचे मूळ मी नारदाच्या गादीपाशीच शोधीन.

‘म्हैस’ हे कथाकथन या दृष्टीने ऐकण्याजोगे आहे. कोकणातल्या रस्त्यावर एस. टी.ला म्हैस आडवी येते. पुढे जे घडते ते सारे बोलण्याचे घडते. उतारूंचे बोलणे, चालकाचे बोलणे, पोलिसाचे, पुढाऱ्याचे. जिच्यामुळे हा सगळा खटाटोप, ती म्हैस आपण एकदाही पाहत नाही. तरी ऐकणाऱ्या प्रत्येकास तिची शिंगे कशी होती हे विचारा, तो सांगेल.

आम्हा सुरत जिल्ह्यातील मराठी वाचकांना याची परीक्षा घेण्याची एक खास सोय आहे. पेस्तनकाका हा त्यांचा आगगाडीत भेटणारा पारशी. नवसारी आणि सुरत ही पारशांची जुनी ठाणी. आमच्या बाजूस पारशी गुजराती कानावरून गेलेला माणूस अजून सापडतो. त्या कानाने ऐकता शब्दांत चुका काढता येतील, लकबीत काढता येत नाहीत. वाक्य कोठे वर चढते, शिवी कोठे लाडाची होते, आणि प्रौढ गृहस्थ बायकोविषयी बोलताना कोठे हळवा होतो, हे अचूक आहे. नक्कल करणारा शब्द उचलतो, पु. लं.नी उचलला तो श्वास.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील काळात पु. लं.च्या प्रयोगांची आणि कथाकथनांची चित्रमुद्रणे झाली, ध्वनिफिती निघाल्या, आणि ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नाही अशा पिढीस ते पडद्यावरूनच परिचित झाले. या चित्रमुद्रणांत पडद्याने फारसे काही केलेले नाही, हेच त्यांचे भाग्य. एक माणूस, समोर ध्वनिक्षेपक, आणि हसणारा समूह. कॅमेऱ्याला त्या चेहऱ्याकडे पाहत राहण्यावाचून दुसरा उद्योग नाही. १२ जून २००० रोजी पु. ल. निवर्तले, त्यांच्या पश्चात ही मुद्रणे जुनी झाली नाहीत, याचे कारण त्यांत जुने होण्यासारखे नेपथ्यच नव्हते.

पडद्याने आपला पूर्ण अधिकार चालविला की काय होते, हे २०१८ साली दिसले. पु. लं.च्या व्यक्तिरेखांवर आधारलेली ‘नमुने’ ही हिंदी मालिका सब वाहिनीवर आली. त्यातील नट गुणी होते आणि हेतू चांगला होता. परंतु वल्लीला चेहरा, घर आणि भिंतीचा रंग मिळाला आणि तिची मराठी गेली. मग राहिला तो एक चक्रम शेजारी. तसे शेजारी त्या वाहिनीकडे आधीच पुष्कळ होते. मालिका फार काळ चालली नाही, याचे मला नवल वाटले नाही.

याच वाहिनीवर जुलै २००८ मध्ये सुरू झालेली ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ मात्र अफाट चालली. तीही एका लेखकाच्याच सदरातून आलेली. तारक मेहतांनी ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१ पासून ते लिहिले. बटाट्याच्या चाळीची ही गुजराती मावसबहीण म्हणता येईल. या मालिकेत आत्माराम भिडे नावाचे मराठी शिकवणी-मास्तर आहेत. ‘आमच्या काळी’ हे त्यांचे पालुपद. काटकसर, शिस्त, आणि वर्षानुवर्षे तेच. गुजरातेतील घरांत मराठी शिक्षक म्हणून जो ओळखला जातो तो हा. मी स्वतः त्या पेशातला असल्याने मला हसूही येते. पण शेजारी पु. लं.चे चितळे मास्तर उभे करून पाहावेत. भिडे मास्तर पहिल्या दिवशी जेवढे कळले तेवढेच शेवटपर्यंत कळतात. चितळे मास्तरांच्या झिजलेल्या वहाणांपाशी येईतो आपण ज्यांना हसत होतो तो माणूस निराळाच होता, असे ध्यानी येते. रोज संध्याकाळी पडद्यावर यावयाचे असेल तर माणसाला बदलून चालत नाही. तो उद्याही तसाच सापडला पाहिजे. विनोदी मालिकेची ही यंत्ररचनाच आहे, त्यात नटाचा दोष नाही.

मराठी वाहिन्यांवरील प्रहसनांचे कार्यक्रम याच कसोटीस लावावेत. २०१४ साली सुरू होऊन २०२४ पर्यंत चाललेले ‘चला हवा येऊ द्या’ किंवा २०१८ पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांना आमच्यापैकी पुष्कळ जण नाके मुरडतात. मी मुरडीत नाही. भाऊ कदम यांच्या चेहऱ्यावरील ओशाळेपणा किंवा समीर चौघुले यांची शब्दाशी चाललेली झटापट ही खरी कारागिरी आहे, आणि सोंगाड्याची परंपरा तेथे जिवंत आहे. खटकते ते एवढेच, की हशा कोठे व्हावा हे तेथे आधी ठरलेले असते. परीक्षक हसतात, पाहुणे हसतात, संगीत वाजते. प्रेक्षकाने स्वतः काही रचावे अशी जागा उरत नाही.

येथे एक आक्षेप उपस्थित होईल, आणि तो मी गंभीर मानतो. पु. लं.च्या प्रयोगांतही हशाने काही गमावलेच नाही काय? गमावले. ‘अंतू बर्वा’ पुस्तकात वाचावा आणि मग ध्वनिफितीवर ऐकावा. पत्नी गेल्यावर दारचा हापूस मोहरला नाही, असे जो सांगतो त्या वृद्धाचा एकटेपणा पानावर आपल्याला थांबवितो. ध्वनिफितीत मागच्या वाक्याचा हशा अजून ओसरलेला नसतो. सभागृह हसण्यास उत्सुक बसलेले असते आणि रत्नागिरीच्या त्या दारिद्र्यावरही हसून घेते. पु. ल. आवाज उतरवितात, क्षणभर थांबतात. पण हजार माणसांच्या सवयीपुढे एकट्याचा विराम कितीसा पुरणार? ‘चाळी’च्या अखेरच्या ‘चिंतना’त मात्र त्यांनी ही सवय मोडून काढली. तेथे विनोद जवळजवळ बंदच केला आणि सभागृहाला गप्प बसविले. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले ते वाचकांच्या एकांताला मिळाले, असे मला म्हणावेसे वाटते.

दुसरी मर्यादा त्यांच्या जगाची. ते जग प्रायः पांढरपेशांचे. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्याच्या उसासाठी दर हंगामास खानदेशातून तोडणीकामगार येतात. त्यांची अहिराणी आणि भिली त्या चाळीत कोणी बोलत नाही. लेखकाने न पाहिलेल्या माणसांविषयी त्यास जाब विचारणे अन्यायाचे होईल. पण ज्या कानाने पारशी पकडला त्या कानाला हे आवाज मिळाले असते तर, ही हुरहुर राहते.

‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरण आमच्याकडे निराळ्या तऱ्हेने वाचले जाते, हेही नमूद केले पाहिजे. १ मे १९६० पर्यंत मुंबई आणि बारडोली एकाच द्विभाषिक राज्यात होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे ते विडंबन मुंबईकर स्वतःवर हसण्यासाठी वाचतो. रेषेच्या या बाजूस राहिलेला मराठी माणूस ते किंचित सावरून वाचतो.

या बाजूच्या मराठी घरांतील मुले बहुधा गुजराती माध्यमात शिकतात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते, मराठी घरामुळे. पण मराठी पुस्तक हाती धरावे अशी संधी त्यांना क्वचित येते. त्यांच्यापर्यंत पु. ल. पोचले ते कानांनी. मी वर्गात प्रथम ध्वनिफीत लावतो आणि मग तेच पान वाचावयास देतो. ऐकताना मुले ‘सखाराम गटणे’वर मनसोक्त हसतात. वाचताना एखादा मुलगा विचारतो, की हा इतकी पुस्तके वाचतो तर त्याला मित्र का नाहीत? हा प्रश्न ध्वनिफीत ऐकताना अद्याप कोणी विचारलेला नाही. ध्वनिफितीवाचून ते पान त्यांनी उघडले असते, असेही मी म्हणू शकत नाही.